जपानमध्ये राहतो, पण सुचत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोकियोच्या एदोगावा वॉर्डात, निशिकासाईच्या आसपास मराठी माणूस बराच आहे. त्यातले आम्ही काही लिहिणारे, चित्रं काढणारे महिन्यातून एकदा भेटतो. नव्याने येणारी मंडळी, कुणी ऑनसाइट, कुणी जोडीदाराबरोबर, कुणी शिकायला, फिरून फिरून तेच विचारतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर पाठवण्यापेक्षा सगळं एकत्र लिहून ठेवलं आहे. मी मुख्यतः टोकियोचं सांगू शकते. ओसाका-क्योतोवाल्यांनी आपापल्या गल्लीप्रमाणे फेरफार करून घ्यावेत.

सगळे म्हणतात, "जपानला आहेस, मग काय, सुचतच असेल!" मला तर काहीच सुचत नाही. असं का?

कारण तुम्ही दमलेले असता. सुरुवातीचे महिने कचऱ्याचे वार पाठ करण्यात, वॉर्ड ऑफिसची पत्रं मोबाइल धरून वाचण्यात आणि दुकानात मिरिन कुठलं, व्हिनेगर कुठलं हे ओळखण्यात जातात. उरलेल्या शनिवार-रविवारी आपण "जपान बघायला" निघतो. कामाकुरा, निक्को, हाकोने. परतीच्या गाडीत मोबाइल फोटोंनी भरलेला असतो आणि वहीत एक ओळ नसते.

माझ्या मते आधी बघणं कमी करावं. रोज नजरेखालून जाणारा एक तुकडा निवडा: घरापासून स्टेशनापर्यंतचा रस्ता, एखादा कालवा, एखादा पूल. तिथेच पुन्हा पुन्हा जा. आणि कुणाला तरी अमुक तारखेला काहीतरी दाखवायचं कबूल करा. मग ती दोन पानं असोत की चार रेखाटनं. हा देश तारखांवर चालतो, त्यामुळे दुसरी गोष्ट इथे सोपी जाते. पुढच्या बहुतेक उत्तरांत हेच दोन मुद्दे वेगवेगळ्या कपड्यांत येतील. घाईत असाल तर इथेच थांबलात तरी चालेल.

रस्ता-पूल ठीक आहे, पण माझ्या घराजवळ नुसत्या इमारती आहेत. एक जागा सुचवाच.

मोरिशिता स्टेशनवर उतरा आणि सुमिदा नदीवरच्या शिन-ओहाशी पुलावर जा. शक्यतो पावसात.

चित्रकार हिरोशिगेने १८५७ मध्ये या पुलावर अचानक आलेल्या सरीचं चित्र केलं. १८८७ मध्ये व्हॅन गॉगने त्याची तैलरंगात नक्कल केली, त्यामुळे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेलं असतंच. वरून काळा ढग उतरलाय, पावसाच्या रेघा तिरप्या, पुलावर माणसं वाकून पळतायत, आणि मागे नदीत एकटा माणूस तराफा ढकलत चाललाय. तो लाकडी पूल आता नाही. आजचा पूल मूळ जागेपासून थोडा वरच्या अंगाला आहे, पिवळसर मनोरा आणि तारांचा. पण पाऊस तसाच पडतो. फरक एवढाच की आता पुलावर कोंबिनीतल्या (चोवीस तास उघड्या छोट्या दुकानांतल्या) पारदर्शक छत्र्या असतात आणि त्यांच्यातून माणसांचे चेहरे दिसतात. हिरोशिगेच्या माणसांचे चेहरे जवळपास दिसतच नाहीत. माझ्या एका चित्रमालिकेचा विषय एवढ्याच फरकातून निघाला.

तिथून चालत काही मिनिटांवर हायकूकार बाशोचं स्मारक-संग्रहालय आहे. शहराचा गजबजाट सोडून बाशो १६८० मध्ये या फुकागावा भागात राहायला आला आणि १६८९ मध्ये उत्तरेच्या लांबच लांब पायी प्रवासाला इथूनच निघाला. १९१७ च्या वादळी भरतीनंतर या भागात एक दगडी बेडूक सापडला. तो बाशोच्या आवडीचा होता म्हणतात, आणि तो संग्रहालयात मांडलेला आहे. बेडूक अगदी साधा आहे, कुणी मुद्दाम घडवला म्हणून कौतुक करावं असंही काही नाही. तरी लोक त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहतात.

दुसऱ्या दिशेला र्योगोकुमध्ये २०१६ साली उघडलेलं, चित्रकार होकुसाईचं संग्रहालय आहे. होकुसाईने आयुष्यात ९३ वेळा घर बदललं असं सांगतात. आजच्या काळात एवढ्या वेळा रेइकिन (घरमालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम) भरून माणूस कफल्लक झाला असता.

ऋतूंचं इथे एवढं काय कौतुक? चारच तर ऋतू.

चार हे शाळेत शिकवायला. जुन्या पंचांगात वर्षाचे ७२ तुकडे आहेत, प्रत्येक साधारण पाच दिवसांचा. यादी मूळची चिनी. शिबुकावा शुन्काई या ज्योतिर्विदाने १६८५ च्या पंचांगसुधारणेत ती जपानच्या हवामानाला जुळवून घेतली. प्रत्येक तुकड्याचं नाव म्हणजे एक छोटं वाक्यच असतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला पूर्वेचा वारा बर्फ वितळवतो. मार्चच्या मध्यात सुरवंटाचं फुलपाखरू होतं. जूनच्या मध्यात कुजलेल्या गवताचे काजवे होतात. डिसेंबरच्या मध्यात अस्वल गुहेत जाऊन बसतं.

आपल्याला हे अगदीच परकं वाटायला नको. आपल्याकडचा शेतकरी पाऊस महिन्याने मोजत नाही, नक्षत्राने मोजतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, आणि प्रत्येकाचं वाहन वेगळं, कधी बेडूक, कधी म्हैस, कधी हत्ती. ७-८ जूनला मृग लागतं आणि भिजलेल्या मातीत लाल मखमली मृगाचा किडा दिसायला लागतो. जपानी यादीत नेमक्या त्याच दिवसांत प्रार्थनाकीटकाची (प्रेइंग मँटिसची) पिल्लं बाहेर पडतात. दोन्हीकडच्या लोकांनी एकच आठवडा किड्याच्या नावाने ओळखावा, याचं मला अजून नवल वाटतं.

याचा उपयोग असा करा. दर पाच दिवसांनी यादी उघडा आणि आपल्या रस्त्यावर ते खरं आहे का बघा. बहुतेकदा नसतं, कासाईत अस्वल कुठून येणार? मग स्वतःचं वाक्य लिहा. आमच्या गटातल्या एकीच्या यादीत आहे: "कोंबिनीत ओदेन (थंडीतला गरम रश्श्याचा पदार्थ) आलं." "समोरच्या आजोबांनी पर्सिमनच्या झाडाला जाळी बांधली." "पहिल्यांदा सॉक्स घालून झोपले." वर्षभर केलं तर ७२ ओळी होतात, आणि त्यांतल्या दहा-बारा तरी खऱ्या कामाच्या निघतात.

कानही वापरा. जुलैत भर दुपारी कर्कश ओरडतो तो मिनमिन जातीचा सिकाडा किडा, संध्याकाळी उदास सूर लावतो तो हिगुराशी, आणि ऑगस्ट सरता सरता त्सुकुत्सुकु-बोशी ऐकू येतो. तो ऐकला की शाळकरी पोरांचे चेहरे उतरतात, कारण सुट्टी संपत आलेली असते आणि गृहपाठ तसाच पडलेला असतो.

हायकू लिहावंसं वाटतं. मराठीत तीन ओळींत ५-७-५ अक्षरं हा नियम पाळायलाच हवा का?

माझं मत: नको. जपानी मोजणी ऱ्हस्व ध्वनींची आहे. 'तोक्यो' हा तिथे चार मात्रांचा शब्द आहे, मराठीत आपण दोन अक्षरं मोजू. आकडा तोच ठेवून वजन तेच राहत नाही. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी, आणि त्यांचे हायकू वाचले की कळतं, मराठीला तीन ओळी आणि एक क्षण पुरतो.

आकड्यापेक्षा जास्त लक्ष ऋतूच्या शब्दाकडे द्या. जपानी हायकूकार ऋतुशब्दांचे जाडजूड कोश जवळ बाळगतात. कुठलं फूल, कुठला मासा, कुठलं खाणं कुठल्या ऋतूत मोडतं ते त्यात असतं. आपला असा कोश तयार करणं हाच एक मोठा उद्योग होऊ शकतो. पळस, मोहर, पावशा, भोगीची भाजी, रस्त्यावर गऱ्यांचा वास. दोन देशांत राहणाऱ्याला दोन कोश लागतात. टोकियोत बसून पळसावर हायकू केलात तर तो आठवणीचा होतो, डोळ्यांसमोरचा नाही. दोन्हीत वाईट काही नाही, पण आपण काय करतोय हे माहीत असावं.

आणि पाठवा कुठेतरी. हिरव्या चहाच्या 'ओई ओचा' बाटल्यांवर सामान्य लोकांचे हायकू छापलेले असतात. ती स्पर्धा १९८९ पासून चालू आहे आणि तिच्यात इंग्रजी विभागही आहे. शिकोकूवरच्या मात्सुयामा शहरात, जिथे हायकूकार मासाओका शिकी जन्मला, गावभर हायकूच्या टपालपेट्या आहेत. कुणीही चिठ्ठी टाकावी.

मला जपानी येत नाही. भाषेशिवाय इथलं काही आत उतरतं का?

लेखक लाफ्काडिओ हर्न १८९० मध्ये इथे आला तेव्हा त्यालाही येत नव्हती. मात्सुए गावात इंग्रजी शिकवायचा. पुढे पत्नी सेत्सु त्याला भुताखेताच्या जुन्या गोष्टी सांगायची, दोघांनी मिळून बनवलेल्या मोडक्यातोडक्या जपानीत. त्या गोष्टी त्याने इंग्रजीत लिहिल्या आणि आज जपानी मुलं त्या जपानीत वाचतात. त्याचं दुसरं नाव कोइझुमी याकुमो. टोकियोच्या झोशिगाया दफनभूमीत त्याची समाधी आहे.

तेव्हा भाषा नाही म्हणून हात बांधून बसू नका. पण सेत्सुसारखं कुणीतरी शोधा. शेजारच्या आजी, ऑफिसातला निवृत्तीला आलेला सहकारी, भाषा शिकवणारे वॉर्डातले स्वयंसेवक. त्यांना "तुमच्या लहानपणी इथे काय होतं?" एवढा एक प्रश्न विचारता आला तरी पुष्कळ. कासाईच्या जुन्या लोकांकडून मला कळलं की आपण राहतो ती बरीचशी जमीन समुद्र भरून केलेली आहे आणि इथे पूर्वी नोरी शेवाळाची शेती व्हायची. तेव्हापासून स्टेशनासमोरचा चौक मला वेगळाच दिसतो.

मराठी माणसाला इथे एक आयती पायरी आहे. जपानी वर्णमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा क्रम लागतो. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनातून आला. दफनभूमीत समाध्यांमागे लाकडाच्या उंच पट्ट्या उभ्या असतात, त्यांच्यावरची अक्षरं नीट बघा. ती सिद्धम् लिपी आहे, आपल्या देवनागरीची नातलग. एखादं अक्षर ओळखीचं वाटतं आणि मग दुसरं मुळीच वाटत नाही. चित्र काढणाऱ्यांनी ती जरूर गिरवून बघावीत.

इथे सगळंच परकं वाटतं. आपलं असं काही नाही का?

आहे, फक्त वेश बदलून आहे. सरस्वती इथे बेन्झाइतेन झाली. हातात वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य, आणि मंदिर बहुधा पाण्याकाठी. उएनोच्या शिनोबाझु तळ्यातल्या बेटावर तिचं देऊळ आहे. त्या आवारात दगडी स्मारकांची गर्दी आहे: चष्म्याचं स्मारक, स्वयंपाकाच्या सुऱ्यांचं, फुगू माशाचं. जुलैत कमळं फुलली की तळ्याचं पाणी दिसत नाही. वाद्य वाजवणाऱ्यांनी, लिहिणाऱ्यांनी एकदा तरी जाऊन यावं. नवस बोलायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

गणपतीही आहे. असाकुसाजवळच्या मात्सुचियामा शोदेन या देवळात तो कांगितेन म्हणून पुजला जातो. मूर्ती कुणालाही दाखवत नाहीत. मोदकाच्या जागी वाहतात पांढराशुभ्र दाइकोन मुळा! तो देवळातच विकत मिळतो, आणि वाहिलेले मुळे नंतर भाविकांना प्रसाद म्हणून मिळतात. देवळाच्या कोरीव कामातही एकमेकांना बिलगलेले दोन मुळे आणि पैशाची थैली ही चिन्हं जागोजागी दिसतात. ७ जानेवारीला तिथे मुळ्याचा उत्सव असतो, शिजवलेला मुळा वाढतात. भाद्रपदातल्या गणपतीत आरत्या म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना घेऊन एकदा गेले होते. "मुळा?" हा प्रश्न बराच वेळ चालला, मग एका काकूंनी घरी नेऊन त्याची भाजी केली.

आणि ८ फेब्रुवारीला असाकुसाच्या सेन्सोजी देवळात मोडक्या सुयांचा निरोपविधी होतो. वर्षभर शिवून मोडलेल्या सुया मऊ तोफूत खुपसतात. भरतकाम, शिवणकाम करणारं कुणी असेल तर हा दिवस चुकवू नये.

मग साकुरा, फुजी, गेइशा यांवर लिहूच नये का?

लिहा की. फक्त साकुरावर लिहायचं तर फुलं पडून गेल्यावरचा आठवडा बघा: गटाराच्या जाळीत अडकलेल्या पाकळ्या, निळ्या ताडपत्र्यांखाली पिवळे पडलेले गवताचे चौकोन, झाडाला बांधलेल्या "इथे बसू नये" पाट्या. 'इकिगाई' (जगण्याचं कारण) आणि 'वाबी-साबी' (अपुरेपणातलं सौंदर्य) हे मात्र कृपा करून काही वर्षं विश्रांतीला पाठवा. पुण्या-मुंबईतले जीवनप्रशिक्षक त्यांचं बघून घेतील.

सकाळी नऊ ते रात्री नऊ ऑफिस. वेळ कधी काढू?

वेळ मिळत नाही, तो चोरावा लागतो. लोकलमध्ये उभ्याने चार ओळी लिहिता येतात. इथल्या गाडीतली शांतता हे लिहिणाऱ्याचं नशीबच म्हणायचं. सकाळी साडेसहाला रेडिओवर एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेची कवायत लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बागेत पोरं आणि आजी-आजोबा एकत्र हात वर करताना दिसतील. रेखाटनासाठी याहून चांगले मॉडेल नाहीत, फुकट आणि ठरल्या वेळी हजर.

रात्री उशीर झाला तर सेन्तोत जा. टोकियोत सार्वजनिक स्नानगृहाचा दर २०२४ मध्ये ५५० येन झाला. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, हाच त्याचा मुख्य फायदा. समोर भिंतीवर फुजी रंगवलेला असतो. ही पद्धत १९१२ मध्ये कान्दा भागातल्या एका सेन्तोपासून सुरू झाली. गरम पाण्यात बसून जे सुचतं ते कपडे घालेपर्यंत विसरतं, म्हणून लॉकरमध्ये वही वर ठेवा.

घरी अजिबात जमत नसेल तर जुन्या धाटणीचं किस्सातेन, म्हणजे कॉफीचं दुकान, शोधा. शिबुयात १९२६ पासूनचं 'लायन' आहे, तिथे भल्यामोठ्या स्पीकरांवर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत चालू असतं आणि बोलायला मनाई आहे. एका कॉफीत दोन तास निघतात.

हिवाळ्यात अगदी उदास वाटतं. हात चालत नाही.

डिसेंबरात टोकियोत साडेचारला सूर्य मावळतो. आपल्याला याची सवय नसते. काम सकाळी हलवा. टोकियोचा हिवाळा कोरडा आणि स्वच्छ असतो, सकाळी आराकावा नदीच्या बंधाऱ्यावरून फुजी दिसतो. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, झोप-भूक गेली तर मात्र हा प्रेरणेचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांकडे जा. इंग्रजीत बोलायला 'टेल' ही मदतसेवा आहे.

लहान मूल आहे, घराबाहेर पडणंच अवघड.

वॉर्डाच्या वाचनालयात कामिशिबाई मिळते: मोठ्या पुठ्ठ्यांवर चित्रं, मागे मजकूर, एकेक पुठ्ठा सरकवत गोष्ट सांगायची. १९३० च्या सुमारास सायकलवरून गोळ्या विकणारे लोक रस्त्यात हे दाखवायचे. आपल्याकडे सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी याच्याच जवळची. मुलाला घेऊन एक मराठी कामिशिबाई करा. गोष्ट तुमची, रंग त्याचे. आमच्या गटात अशा दोघी आहेत. त्यांच्या मुलांचं मराठी बाकीच्यांपेक्षा बरं आहे.

सोबत हवी. जपानी लोकांत मिसळायचं कसं?

'ओळख करून घ्यायला' गेलात तर काही होणार नाही. 'काम करायला' जा. प्रत्येक वॉर्डात, गावात कोमिनकान (स्थानिक लोकांची सार्वजनिक केंद्रं) किंवा सांस्कृतिक केंद्रं असतात. तिथे जलरंग, सुलेखन, मातीकाम, कोरस असे छोटे गट खोली भाड्याने घेऊन दर आठवड्याला जमतात. वर्गणी फार नसते, सभासद बहुतेक साठीच्या पुढचे, आणि नवा माणूस आला की सगळ्यांना आनंद होतो. माहिती वॉर्डाच्या छापील पत्रकात असते, ते स्टेशनावर फुकट मिळतं. पहिल्या दिवशी 'बघायला आले आहे' एवढं सांगितलं की पुरतं. आठवड्याचा वार पाळा, न जमल्यास आधी कळवा. त्या एका गोष्टीवर तुमची किंमत ठरते. वर्षाअखेर गटाचं छोटं प्रदर्शन असतं, आणि तीच तुमची तारीख.

लिहिणाऱ्यांसाठी बुन्गाकु फ्री मार्केट आहे. २००२ मध्ये सुरू झालेला स्वप्रकाशित साहित्याचा बाजार. टोकियोचा मेळावा २०२४ च्या डिसेंबरपासून टोकियो बिग साइट या प्रदर्शन केंद्रात भरतो. अर्धं टेबल भाड्याने घ्यायचं, स्वतः छापलेली पुस्तिका मांडायची. चित्रकारांसाठी त्याच ठिकाणी १९९४ मध्ये सुरू झालेला डिझाइन फेस्टा होतो, आणि तिथे निवड समिती वगैरे भानगड नाही.

पुस्तिका छापायला प्रेस लागत नाही. कोंबिनीतल्या यंत्रावर काळं-पांढरं पान स्वस्तात निघतं. ए-३ कागदावर आठ चौकोन पाडून मांडणी करा, मधोमध एक चीर द्या आणि दुमडा, आठ पानांची पुस्तिका तयार. फाइल आधी नेटवरून चढवून क्रमांक घेतला की यंत्रावर तो दाबायचा. पीडीएफ करताना फॉन्ट आतच बसवा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात, आणि 'प्रार्थना' छापून येते ती वाचवत नाही.

डिपेंडंट व्हिसावर आहे. चित्रं विकली तर चालतील का?

परवानगीशिवाय नाही. न्यूकानकडून (इमिग्रेशन कार्यालयाकडून) मूळ दर्जाबाहेरच्या कामाची परवानगी घ्यावी लागते. सर्वसाधारण परवानगीत आठवड्याला २८ तासांची मर्यादा असते. स्वतःचा धंदा करून विकणं हे नोकरीपेक्षा वेगळं धरलं जातं, तेव्हा आपलं प्रकरण समोर ठेवून विचारा. नोकरीच्या व्हिसावर असाल तर कंपनीचे नियमही बघा. फुकट दाखवायला, वाटायला कुणी अडवत नाही. जपानी कला शिकण्यासाठी सांस्कृतिक कार्याचा वेगळा दर्जा आहे, त्यात कमाई करता येत नाही. ओळखीच्या ग्रुपवर कुणी "काही होत नाही हो" म्हणालं तर ऐकू नका.

रस्त्यावर लोकांचे फोटो काढले तर?

ओळखू येणारे चेहरे, विशेषतः मुलांचे, विचारल्याशिवाय प्रसिद्ध करू नका. क्योतोच्या गियोनमध्ये खासगी गल्ल्यांत फोटोला बंदी आहे आणि १०,००० येन दंडाच्या पाट्या लावलेल्या आहेत. रेखाटन करा. वही बघून लोक वाकून बघतात, हसतात, कधी कधी बोलतातही.

टोकियोबाहेर कुठे जावं?

पहिलं नाव निगाताच्या तोकामाचीचं. हिवाळ्यात तिथे दोन-तीन मीटर बर्फ साचतं. डोंगरातल्या एका जुन्या शाळेच्या इमारतीत १९८२ पासून मिथिला म्युझियम आहे, तोकिओ हासेगावा यांनी उभं केलेलं. मधुबनी आणि वारली चित्रं. आपल्या पालघरकडचे जिव्या सोमा मशे तिथे येऊन राहिले, तिथे चित्रं केली. तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर काढायची चित्रं बर्फाच्या प्रदेशात, शाळेच्या लाकडी वर्गात बघताना एक सरळ प्रश्न पडतो: घरापासून एवढ्या लांब येऊन त्यांनी नवं काय बघितलं आणि काय तसंच ठेवलं? जाण्याआधी उघडं आहे का ते विचारून घ्या. याच परिसरात २००० पासून एचिगो-त्सुमारी कला त्रैवार्षिकी भरते. भातखाचरांत, रिकाम्या घरांत कलाकृती.

मातीकामवाल्यांनी तोचिगीतलं माशिको गाठावं, वर्षातून दोनदा, गोल्डन वीकमध्ये (एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्यांत) आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तिथे कुंभारांचा बाजार असतो. बाशोच्या मागावर जायचं असेल तर यामागाताचं यामादेरा: १,०१५ पायऱ्या, आणि उन्हाळ्यात सिकाड्यांचा गजर.

प्रवासाला सेइशुन १८ तिकीट घ्या. नाव तरुणाईचं असलं तरी वयाची अट नाही. जेआर या रेल्वेच्या साध्या गाड्यांतून सुट्टीच्या हंगामात हिंडता येतं. २०२४ च्या हिवाळ्यापासून ते सलग तीन किंवा पाच दिवसांचं झालं, पूर्वीसारखे सुटे दिवस वापरता येत नाहीत, ही कटकट आहे. पण शिन्कान्सेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) मला कधी काही सुचलेलं नाही. दर स्टेशनाला थांबणाऱ्या दोन डब्यांच्या गाडीत, शाळेची पोरं चढतात-उतरतात, तिथे सुचतं.

साहित्य कुठे घ्यावं?

रोजचं शिन्जुकुच्या सेकाइदोत. कागद, शाई बघून वेड लागायचं असेल तर गिन्झाचं इतोया. तेन्नोझुचं 'पिगमेंट' हे खनिज रंगांचं दुकान, हजारो बरण्या भिंतभर, खिशाला जड, पण बघायला पैसे पडत नाहीत. सुरुवातीला १०० येनच्या दुकानातली वहीच बरी. महाग वहीत पहिलं वाक्य लिहायला भीती वाटते. जुनी पुस्तकं, जुनी छापील चित्रं जिन्बोचोत. तिथली बरीच दुकानं उत्तरेकडे तोंड करून आहेत, पुस्तकांना ऊन लागू नये म्हणून.

मराठीत लिहून इथे वाचणार कोण?

इथे फार कोणी नाही, तिकडे बरेच. दिवाळी अंकांचे संपादक परदेशातल्या मजकुराच्या शोधात असतात, पण 'जपानी माणसाची शिस्त' आणि 'वेळेवर धावणाऱ्या गाड्या' यांना ते विटलेले आहेत. त्यांना तुमची गल्ली पाठवा: पर्सिमनला जाळी बांधणारे आजोबा, कोमिनकानात जलरंग शिकवणारी बाई, संध्याकाळी पाचला वॉर्डाच्या भोंग्यांवर वाजणारं ते जुनं बालगीत आणि ते ऐकून बागेतून घरी निघणारी पोरं. बरेच संपादक जुलै-ऑगस्टमध्येच मजकूर मागतात. आमच्या गटाची जूनची भेट म्हणून कच्चे खर्डे वाचण्यासाठी राखलेली असते. यायचं असेल तर लिहिलेलं घेऊन या, चहा आम्ही करतो.